लडकूच्या वाट्याचा बांध

"खेकडं झाडावर चढल्यात रं राघो!"

बायजाआत्या आली ती ओरडतच आली. राघोच्या हातात चहाची बशी होती. एक घोट झाला होता, दुसरा घ्यायच्या आधीच त्यानं बशी ओटीवर ठेवली. सत्तरी ओलांडलेली बाई, पहाटे उठून खाडीच्या बांधावर काटक्या वेचणारी. ती उगाच बोंबलणारी नव्हती.

"किती चढल्यात?"

"मोजाया मी तलाठी हाय काय? भेंडीच्या झाडाचा बुंधा दिसंना झालाय खेकड्यांनी. आनि वारा बग, सरळ खाडीकडनं. आज कोजागिरी. दुपारचं उधान बांध चाटनार, लिहून ठेव."

राघोनं लिहून काय ठेवलं नाही, त्याला लिहिता येत नव्हतं. त्यानं फावडं उचललं आणि निघाला. मागनं त्याची बायको गोदू ओरडली, "आवो, भाकरी तरी!" पण माणूस अंगणाबाहेर गेला होता.

दापोड्याच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून ही खार होती. दोन्ही भावांची मिळून साडेचार एकर. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, आणि मधी चिखलाचा पुरुषभर उंच बांध. राघोच्या बापानं, नवशाबाबानं, मरायच्या आधी ही खार वाटून दिली. खालची राघोला, वरची धाकट्या लडकूला. शेत सरळ वाटलं, पण बांध म्हाताऱ्यानं मुद्दाम उलटा वाटला. राघोच्या शेतापुढचा बांध राखायचा लडकूनं, लडकूच्या शेतापुढचा राघोनं. "बोलनं बंद केलंत तरी येकमेकाच्या शेताम्होरं चिखल तुडवाया यावंच लागंल," म्हातारा बोलला होता, आणि पुढच्या आठवड्यात गेला.

बोलणं बंद झालं, ते या वैशाखात. त्याला कारण तिवर.

बांधाच्या बाहेरच्या अंगाला, खाडीच्या चिखलात तिवराची झाडी असायची. गर्द, वाकडी, मुळं चिखलातून वर काढून उभी. राघो आपल्या वाट्याच्या बांधापुढच्या तिवराला कोयता लावू देत नसे. लडकूनं मात्र आपल्या वाट्याची, म्हणजे राघोच्या शेतापुढची, झाडी साफ केली. तो भिवंडीत धामणकर नाक्याजवळ लूमवर कामाला, तिथं कुणीतरी सांगितलं की सुताला खळ लावायच्या सायझिंगच्या बॉयलरला लाकूड पाहिजे. लडकूला वाटलं दोन्ही कामं झाली. लाकूड गेलं, आणि बांध पोखरणारे खेकडे-उंदीर ज्या झाडीत राहतात ती झाडीच गेली. त्यानं राघोला हौसेनं बोलावून दाखवलं, "बग दादूस, बांध कसा नवऱ्या मुलाच्या गालासारखा केलाय!"

राघो त्या गुळगुळीत गालाकडं बघत राहिला आणि बोलला, "तू त्याची छाती सोलून काढलीस." तेवढंच. तेव्हापासून एकाच घराच्या दोन चुली, आणि मधल्या भिंतीतून ऐकू यायच्या फक्त फुंकण्या.

*

बांधावर बुधा आधीच आलेला होता. डोंगराकडच्या पाड्यावरचा हा माणूस, पंधरा वर्षं राघोच्या शेतात लावणी-कापणीला येणारा. त्याची बायको मंगळी टोपली घेऊन उभी. बुधा बांधाच्या आतल्या अंगाला उकिडवा बसून पायथ्याशी बोट बुडवत होता.

"मालक, हितं या."

"मालक तुझा बा. काय झालं?"

"पाजरतंय."

"पाजरतंच ते. खाडीचा बांध हाय."

"निवळ पाजरलं तर पाजरू दे. ह्ये गढूळ येतंय."

 बांधातून निवळ पाणी आलं तर नुसतं पाणी येतंय. गढूळ आलं तर बांध येतोय. आतला चिखल पाण्याबरोबर निघालाय. त्यानं बाहेरच्या अंगाला डोकावलं. तिवर होतं तिथं लाट मोडायची, लडखडायची, मुळांत अडकून गाळ टाकून जायची. आता बोडक्या जागेवर लाट सरळ येऊन थापड मारत होती. बांधाच्या पोटात चांगली माणूस बसेल एवढी खबदाड पडलेली. खेकडे काय, झाडी गेल्यावर घर शोधत ते बांधातच घुसले होते. आणि भरतीला अजून चार तास.

"मंगळे, पळ, लडकूला उठव."

"बोलत न्हाय ना तुम्ही?"

"मी कुठं बोलतोय? तू बोल!"

लडकू रात्रीची शिफ्ट करून आत्ताच पडला होता. तो आला तो गंजीवर, केसांत लूमचा कापूस तसाच, मागं काशी, त्याची बायको, पदर खोचून. लडकूनं बांध बघितला. तोंड एवढंसं झालं, पण माणूस तो लडकू.

"पोती टाकू! माती भरू! दापोड्यातून धा मानसं आनतो, काय हाय त्यात?"

आणली. दहा नाहीत, सहा आली. दोन तास सगळे चिखलाचे गोळे फेकत होते. लडकू सगळ्यात पुढं, खबदाडात छातीभर उतरून पोती रचत होता, तोंडानं अखंड चालू, "ये ग, ये ग, किती येतेस बगतो!" राघोला धाकट्याचं कौतुकही वाटत होतं, रागही येत होता. एक पोतं बसलं की लाट दोन उचलायची. उन्हानं माणसं घामाघूम, तरी हसत होती. बायका टोपल्या देताना एकमेकींना टोमणे मारत होत्या. गोदू काशीला बोलली, "तुज्या नवऱ्यानं गाल तासला, आता आमी सगळी मिळून पावडर लावतो."  काशीनं दुप्पट मोठा गोळा उचलला.

अकरा वाजले असतील. पाण्याची कड अजून दोन हात खाली, आणि बांधाच्या माथ्यावर राघोच्या पायाखाली एक चीर पडली. बोटभर. तो बघत असताना दोन बोटं झाली.

"सगळी वर या," राघो बोलला. "लडक्या, वर ये."

पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यानं भावाला नावानं हाक मारली. लडकूच्या हातातलं पोतं तसंच सुटलं.

*

"ह्यो ऱ्हायत न्हाय," राघो बोलला. "फुटला तर काय होईल सांगतो. खाडी येकदम आत येईल. माजं शेत धुईल, मधला बांध वरबाडून तुजं धुईल. मंग ही कोजागिरीची उधानं, रोज दोनदा भोकातनं आत-बाहेर. तीन वर्सं हितं गवत उगवायचं न्हाय."

"मंग काय करायचं?" काशीनं विचारलं.

 राघो बांधातल्या उघाडीकडं बघत होता. ती त्याच्याच शेताच्या कोपऱ्यात होती, बांधात बसवलेलं लाकडी दार, सागाच्या फळ्यांचं. पावसाळ्यात शेताचं जादा पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, भरतीला बंद ठेवायचं. भरतीला ते उघडल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

आत्याला कळलं. ती हळूच बोलली, "खाडीला दार दाकव. दारानं येईल. न्हाय दाकवलं तर भिंत पाडून येईल."

"आत्या!" गोदू ओरडली. "काय बोलतेस? आत राता हाय!"

हे सांगायला हवं. राघोच्या शेतात भात होता तो राता. जुना, लाल तांदळाचा, खाऱ्या जमिनीतला. गावात सगळ्यांनी जया हे नवं बुटकं वाण लावलं, युरिया टाकला, खंडीनं भात काढला. राघोनं नाही. तो खाडीचा गाळ घालायचा, सुक्या माशांची कुटी घालायचा. शेतात बेडूक, बगळे, खेकडे जे येईल ते येऊ द्यायचा आणि बसून बघायचा. "मी कुठं पिकवतो? माजं काम आडवं न येनं," म्हणायचा. लोक हसायचे. त्याचा राता छातीएवढा वाढायचा, आणि लडकू म्हणायचा, "दादूसनं बांबू लावलाय." आता रात्याचं बेणं आजूबाजूच्या चार गावांत फक्त या एका शेतात उरलं होतं. रेशनची लाल अमेरिकन ज्वारी, मिलो, खायची पाळी आली त्या सालीसुद्धा गोदूनं बियाण्याच्या कणगीला हात लावला नव्हता. परक्या घरातनं आलेल्या सुनेनं सासऱ्याचं बेणं जपलं, हा तिचा मान होता.

"कापून घेऊ!" गोदू बोलली. "येक तास हाय. बेण्यापुरतं कापू. काशे, कोयता आन!"

काशी पळाली. गोदू शेतात उतरली, एक लोंबी ओढून दाणा दाताखाली धरला. दाण्यातून पांढरा चीक आला. दुसरा धरला. चीक. तिसरा धरला आणि तिथंच उभी राहिली. कच्चा दाणा कापला तर तो खायचाही नाही आणि पेरायचाही नाही. बेणं झाडावरच पिकायला पाहिजे. अजून पंधरा दिवस.

"गोदू," राघो बोलला, "बांध फुटला तर असंबी जाईल."

"फुटला तर! न फुटला तर? तुमी आपल्या हातानं मीठ घालनार? अन् कोनासाठी? ज्यानं तिवर तोडलं त्याच्या जयासाठी!"

लडकूनं मान खाली घातली. मग वर केली. "वयनी बरोबर बोलते दादूस. नको उघडू. फुटला तर माज्या वाट्याचा फुटंल. गाव मला शिव्या देईल, देऊ दे. तू तुज्या हातानं नको."

"मंग तुजी पोरं काय गावाच्या शिव्या खातील?"

 राघो पुढं बोलला ते गोदूकडं बघून. "राता उंच हाय गोदू. पानी हळू घेतलं तर मांडीपत्तुर येईल. लोंब्या वर ऱ्हातील. लडक्याचा जया गुडघ्याचा, त्यो बुडला की मेला. माजा उभा ऱ्हाईल… कदाचित."

"कदाचित," गोदू बोलली.

"खाऱ्या जमिनीतला हाय. बापाचा बा लावत होता. त्यानं खाडी बगितली असंल ना कवातरी."

गोदूनं लोंबी हातातून सोडली, अलगद, मोडणार नाही अशी. पदरानं तोंड पुसलं. "मधला बांध उंच करा पयला," ती बोलली. "हिकडचं पानी तिकडं गेलं तर दोनी जातील. आनि मला बगाया सांगू नका."

पण सगळ्यात आधी मधल्या बांधावर चिखल टाकला तो तिनंच.

*

मधला बांध म्हणजे दोन भावांच्या शेतांमधला. आत्या त्याला भांडणाचा बांध म्हणायची, कारण दरसाल एकजण दुसऱ्याकडं वीतभर सरकवायचा. त्या दिवशी दोन्हीकडची माणसं त्याच एका बांधावर चिखल टाकत होती. लडकूनं घरामागच्या केळी तोडून खांब आडवे टाकले. बुधानं पेंढ्याचे वळे करून फटी बुजवल्या.

सूर्य डोक्यावर आला. राघो आणि लडकू उघाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले. फळ्या पावसाळाभर फुगून घट्ट बसलेल्या. राघोनं जोर लावला, हलेना.

"दोघांनी, दादूस. येकाच टायमाला."

"मंग बोल की!"

"हय्या!"

फळी सुटली. वीतभर फटीतून खाडी आत आली, एक हिरवट लोळ, घुसळत, फेस काढत. वास आला, मीठ, गाळ, कुजकं पान. पहिल्या ओळीतला राता आडवा झाला आणि राघोनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तो परत उभा राहत होता, डोलत, जणू कुणी खांद्याला धक्का देऊन गेलंय.

"फळी खाली! अजून! येवढीच ठेव, येवढीच!"

एका तासात शेताचं तळं झालं. घोट्याला, पोटरीला, गुडघ्याला. बाहेर खाडी चढत होती, आत शेत चढत होतं. दोघं एका उंचीला आली तशी बांधावरची थापड हलकी झाली. दोन्हीकडं पाणी, मधी बांध, नुसता बसलेला म्हशीसारखा. बुधानं चिरेत बोट घातलं. तेवढीच होती.

"थांबली!" तो ओरडला. "मालक, चीर थांबली!"

"मधला! मधला बगा!" काशीचा आवाज. मधल्या बांधावर एका जागी पाणी झिरपून पलीकडं जात होतं. ती धावली आणि सरळ त्या जागेला पाठ लावून पाण्यात बसली. तिच्या बाजूला मंगळी बसली. मग आत्या बसू लागली तेव्हा तिला चौघांनी धरलं. "तू नको!" "का नको? तुमच्यापेक्षा जाड हाय!" बुधानं पेंढा आणला, लडकूनं चिखल ओतला, बायकांच्या पाठीमागं बांध परत बांधला गेला, आणि त्या उठल्या तेव्हा चिखलात दोन पाठींचे ठसे होते.

दीडच्या सुमाराला भरती भरली. पाणी राघोच्या मांडीच्या वर आलं आणि थांबलं. बघावं तिकडं पाणी, आणि पाण्याच्या वर, सगळ्या शेतभर, लाल लोंब्या. पानं बुडालेली, लोंब्या वर. वाऱ्यानं हलत होत्या. पलीकडं लडकूचा जया आपल्या वीतभर गोड्या पाण्यात उभा, हिरवागार, काही झालंच नाही अशा तोऱ्यात.

गोदू बघणार नव्हती. ती बांधावर उभी राहून एकटक बघत होती.

"आवो," ती बोलली, "बांबू बरा दिसतोय."

लडकू हसला नाही. त्याला हसायला आलंच नाही.

*

ओहोटी लागली तशी उघाडी पूर्ण उघडली. पाणी निघालं, आणि जाता जाता मागं मासळी ठेवून गेलं. बोइटं उडत होती, कोळंबी ओळींमधी टपटपत होती. माणसं वेडी झाली. सकाळपासून उपाशी, चिखलानं माखलेली सगळी मंडळी टोपल्या घेऊन धावली. मंगळीनं पदरात निवट्या भरल्या. बुधाच्या हातातून एक जिताडा दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तो त्याच्यावर आडवाच पडला.

"रात्यावर पाय देऊ नका रे भाड्यांनो!" राघो ओरडत होता, पण स्वतःही हसत होता.

हसणं थांबवलं आत्यानं. तिनं एक पान तोडून चाटलं. "मीठ बसलंय. आज न धुतलं तर उद्या पांढरं पडंल. गोडं पानी पायजे."

सगळ्यांनी आभाळाकडं बघितलं. आश्विनातलं आभाळ, निळं, कोरडं, एक ढग नाही. गावच्या तळ्यापासून इथवर पाणी आणायला दिवस गेला असता.

गोडं पाणी एकाच जागी होतं. लडकूच्या शेतात, वीतभर, कडेपर्यंत. त्याचा जया अजून हिरवा, दाणा भरायचा बाकी. पावसाचं शेवटचं पाणी त्यानं कोंडून ठेवलं होतं. ते गेलं तर त्याच्या भाताला प्यायला काय?

राघोनं तिकडं बघितलंही नाही. मागायचं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काशी नवऱ्याकडं बघत होती.

"काय बगताव?" ती बोलली. "मी पाठ लावून राखलेला बांध मीच तोडू?"

लडकूनं फावडं घेतलं. ज्या मधल्या बांधावर दिवसभर सगळ्यांनी जीव टाकला, तो त्यानं पाच घावांत फोडला. पाणी निघालं. गोडं, कोमट, चिखलाच्या रंगाचं, रात्याच्या मुळांतून सरळ उघाडीकडं, मीठ घेऊन खाडीत.

राघो त्या पाण्यात उभा होता. त्याला काहीतरी आठवलं.

"लडक्या, ह्यात युरिया हाय का रं?"

लडकू थांबला. "परवाच टाकला. अर्धी गोन."

"जन्मात घातला न्हाय. आन् आज बायकोदेखत पाजलास!"

पहिली हसली ती गोदू. मग आत्या, मग सगळे. बुधा हसता हसता जिताड्यावरचा हात काढून बसला आणि तो मासा पुन्हा एकदा निघून गेला.

*

आत्यानं सांगितलं होतं, तिसऱ्या सकाळी पानाचं टोक बघा. पांढरं असलं तर संपलं.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत राघो आणि गोदू बांधावर आली. उघाडीजवळची खाटेएवढी जागा पांढरी पडली होती. तिथला राता गेला. गोदू पुढं गेली, आणखी पुढं. वाकून पानं बघत, एक-एक लोंबी हातात घेत. शेताच्या मधोमध ती थांबली आणि दाणा दाताखाली धरला.

"घट्ट होतोय," ती बोलली. मोठ्यानं नाही. पण राघोला बांधावर ऐकू गेलं.

त्यानं श्वास सोडला आणि मग बघितलं की बांधावर तो एकटा नाही. बाहेरच्या अंगाला, खाडीच्या चिखलात, गुडघाभर रुतून लडकू उभा होता. दिवसाची ड्युटी होती त्याची आज, गेलेला नव्हता. कमरेला फडकं बांधलेलं, त्यात बिया. तिवराच्या. आश्विनात त्या झाडावरून गळतात, भरतीवर तरंगत येतात, पाण्यातच त्यांना कोंब फुटतो. त्या दिवशी खाडी आत आली तेव्हा शेताच्या कडेला टोपलीभर टाकून गेली होती. आत्यानं त्या वेचून लडकूच्या ओटीवर ओतल्या होत्या. 

लडकू एक-एक बी चिखलात बोटानं खोचत होता. रांगेत. रांग सरळ होती.

"सरळ नको लावूस," राघो वरनं बोलला. "लाट सरळ येते."

लडकूनं मान वर केली. डोळे लाल होते, झोप नव्हती. "दादूस, मी काशीला बोललो. ह्यो बांध तू घे. तुज्या शेताम्होरचा तुलाच बरा. मी माज्या शेताम्होरचा घेतो. बापाचा शब्द मोडला तर मोडला. पुन्यांदा माज्या हातनं तुजं शेत…"

राघो खाली उतरला. चिखलात पाय रुतला, दुसरा रुतला. त्यानं भावाच्या कमरेच्या फडक्यातून मूठभर बिया काढल्या.

"ही झाडं मोठी व्हायला किती वर्सं लागतील?"

"आत्या बोलते, धा."

"मंग धा वर्सं ह्यो बांध तुज्याकडंच ऱ्हाऊ दे." तो वाकला आणि लडकूच्या रांगेच्या बाहेर, तिरकी, पहिली बी खोचली. "तवर भांडाया टाइम न्हाय."

वर बांधावर गोदू येऊन उभी राहिली होती. तिनं दोघांकडं बघितलं आणि ओरडली, "काशे, दोघांची भाकरी हिकडंच घेऊन ये! आज काय ह्ये वर येत न्हाईत."